आखीव नगरी आणि न आखलेले मूल

गावे आधी वसतात आणि त्यांचे नकाशे मागाहून निघतात, असा जगाचा सर्वसाधारण क्रम आहे. नदीचा काठ, घाटाची वाट, एखादे देवस्थान किंवा बाजाराचे ठिकाण यांच्या आश्रयाने चार घरे उभी राहतात, चाराची चाळीस होतात, आणि पुढे केव्हा तरी सरकारी मोजणीदार साखळी घेऊन येतो व जे होऊन बसले आहे ते कागदावर उतरवून नेतो. आमचे पुणे असे वाढले, नाशिक असे वाढले, आणि मुंबईनेही बेटांमधील खाड्या बुजवीत बुजवीत असाच आपला पसारा मांडला. या नियमास अपवाद अर्थातच आहेत. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर त्यांतील सर्वांत ठळक अपवाद म्हणजे नवी मुंबई होय.

१९६५ साली चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे दोन वास्तुविशारद आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते, अशा तिघांनी मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ या नियतकालिकातून एक कल्पना मांडली. मुंबईचे बेट उत्तरेकडे किती म्हणून लांबवीत न्यावयाचे? त्यापेक्षा बंदराच्या पलीकडे, ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर, एक जोडशहरच वसवावे, असा तिचा मथितार्थ होता. सरकारने ती कल्पना उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमीचा आराखडा तयार होऊ लागला. या शहरात पेठा नाहीत, आळ्या नाहीत. नोड आहेत आणि क्रमांक दिलेले सेक्टर आहेत. राहणारा माणूस येण्यापूर्वीच त्याने कोठे राहावे, भाजी कोठून आणावी, त्याच्या मुलाने कोणत्या भूखंडावरील शाळेत जावे, हे कागदावर ठरलेले होते. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ साली लोहमार्ग खाडी ओलांडून वाशीस आला, आणि त्याच वर्षी महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. २०११ च्या शिरगणतीत एकट्या महानगरपालिकेच्या हद्दीत अकरा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. कागद आधी आणि माणूस मागून, असा हा उलटा प्रवास यशस्वी झाला, हे कोणासही मान्य करावे लागेल.

नगररचनेची ही रीत बरी की वाईट, याचा निर्णय त्या शास्त्रातील जाणत्यांनी करावा. आमचा विषय शिक्षण हा आहे. परंतु या नगरीकडे पाहिले असता शिक्षणाविषयीचा एक प्रश्न मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही, आणि तो असा की, जसे शहर आखता येते तसे मूलही आखता येते काय? आणि येत असल्यास ते आखावे काय?

हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील एका विचारसंप्रदायाने मोठ्या निकराने विचारला होता. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी, महायुद्ध संपून जेमतेम दोन महिने होत असता, ज्याँ पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने पॅरिस येथे एक व्याख्यान दिले. पुढील वर्षी ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्या व्याख्यानातील एक साधा दृष्टांत अस्तित्ववादाचे सारे मर्म सांगून जातो. कागद कापण्याची सुरी घ्या, असे सार्त्र म्हणतो. ती घडविण्यापूर्वी कारागिराच्या मनात तिचा आकार, तिचा उपयोग, तिची कृती ही सर्व सिद्ध असतात. म्हणजे सुरीचे सत्त्व आधी आणि अस्तित्व मागून. माणसाचे तसे नाही. तो आधी असतो, जगात येऊन पडतो, आणि आपण कोण हे आपल्या निवडींनी व आपल्या कृतींनी मागाहून ठरवितो. त्याचे अस्तित्व आधी आणि सत्त्व मागून. यास्तव ‘मी जन्मतःच असा आहे’, ‘माझ्या नशिबी हेच होते’, ‘सगळेच असे करतात’ ही वाक्ये सार्त्रच्या मते वस्तुस्थितीची वर्णने नसून निवडीची जबाबदारी टाळण्याच्या सबबी होत. तो त्यांस आत्मवंचना म्हणतो.

सार्त्र निरीश्वरवादी होता; त्यामुळे हा विचार म्हणजे नास्तिकांचा एक पंथ आहे असा समज आपल्याकडे पुष्कळांचा आहे. तो खरा नव्हे. या विचाराचा आद्य प्रवर्तक मानला जाणारा डेन्मार्कचा सोरेन किर्केगार्ड हा निष्ठावंत ख्रिस्ती होता; फ्रान्सचा गाब्रिएल मार्सेल हाही श्रद्धावान होता. या सर्वांस एकत्र बांधणारे सूत्र देव आहे की नाही हे नव्हे. सत्य नुसते जाणून भागत नाही, ते जगावे लागते, आणि हे जगण्याचे काम माझ्या वतीने दुसरा कोणी करू शकत नाही, हे ते सूत्र होय. मृत्यूविषयीची दहा प्रमेये पाठ असणे वेगळे आणि आपणांस मरावयाचे आहे हे उमगणे वेगळे. शिक्षणाचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांस हा भेद किती मोलाचा आहे हे निराळे सांगावयास नको.

आता पुन्हा खाडीच्या त्या तीराकडे वळू. आराखडा तयार झाला तेव्हा ती भूमी काही कोरा कागद नव्हती. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. वाशी, तुर्भे, सानपाडा, घणसोली, ऐरोली, नेरूळ, करावे, दिवाळे ही आज स्थानकांच्या व सेक्टरांच्या पाट्यांवर दिसणारी नावे मुळात आगरी-कोळ्यांच्या गावांची आहेत. भातखाचरे, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर त्यांचा संसार चाले. त्यांच्या बाबतीत अस्तित्व आधी होते; ‘प्रकल्पग्रस्त’ हे सत्त्व त्यांस मागाहून दुसऱ्याने चिकटविले. या माणसांनी ते निमूटपणे स्वीकारले नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांनी जो लढा दिला, त्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी बळी पडले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. याच उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात साध्यासुध्या गावकऱ्यांनी गोळ्या झेलल्या होत्या. सांगावयाचे ते इतकेच की, दुसऱ्याने आखून दिलेल्या चौकटीस ‘नाही’ म्हणणे आणि त्या ‘नाही’ची किंमत मोजणे, ही गोष्ट या भूमीस पॅरिसकडून शिकावी लागलेली नाही.

परंतु आमच्या घरांत आणि शाळांत काय चालले आहे? या आखीव नगरीत आलेल्या आम्हा मध्यमवर्गीयांनी शहराचे व्याकरण जसेच्या तसे मुलांस लावले आहे. मूल बालवर्गात जाते तेव्हाच त्याचा आराखडा तयार असतो. अमुक माध्यम, अमुक मंडळाची शाळा, आठवीपासून अमुक शिकवणी, दहावीस इतके टक्के, मग विज्ञान शाखा, मग अभियांत्रिकी वा वैद्यक, मग परदेश. मुलास जणू एक भूखंड समजून त्यावर काय बांधावयाचे याचा ठराव आधीच संमत झालेला असतो. माध्यमिक शिक्षण मंडळाचे मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे. दरवर्षी या विभागातील सहस्रावधी घरांचा श्वास त्या मंडळाच्या एका निकालावर टांगलेला असतो. निकाल लागतो आणि सोळा वर्षांच्या मुलास समाज सांगून टाकतो की, तू हुशार आहेस, तू मध्यम आहेस, तू काही कामाचा नाहीस. सुरीची धार तपासून तिची प्रत ठरवावी, तसा हा प्रकार आहे. त्या निकालाच्या धास्तीने काही कोवळी मुले जिवास मुकतात, ही गोष्ट ज्या समाजाच्या वर्तमानपत्रांत आता नित्याची झाली आहे, त्या समाजाने अस्तित्ववादास परकीय चैन म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. आपल्या असण्यास काही अर्थ आहे की नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात नव्हे तर आपल्या माजघरात येऊन उभा आहे.

कोणी म्हणेल, युद्धाने होरपळलेल्या युरोपातील हे विचार, त्यांचा आमच्या शाळांशी काय संबंध? या आक्षेपास आमच्याच इतिहासातून उत्तर देता येते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा चालविल्या, हे सर्वविश्रुत आहे. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा एक निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. तिने त्यात आपल्या जातीने सोसलेल्या हालांचे वर्णन केले आहे. पण त्याहून विलक्षण आहे तो तिने देवाला केलेला सवाल. वेद ब्राह्मणांचे आणि ते पाहण्याचा आम्हांस अधिकार नाही, तर मग आमचा म्हणून धर्म कोणता, हे तूच आम्हांस सांग, अशा आशयाचे तिचे मागणे आहे. आणि शेवटी ती आपल्या लोकांस विद्या शिकण्याविषयी कळवळून विनविते.

या प्रश्नाकडे नीट पाहावे. मुक्ता येथे कोणताही धडा म्हणून दाखवीत नाही. शाळेत मिळालेली अक्षरे घेऊन ती आपल्याच जिण्याकडे वळते आणि विचारते की, ज्या जगात मला जागाच नेमून दिलेली नाही, किंवा नेमून दिली ती इतकी हीन, त्या जगात मी कोण? ज्या १८५५ सालाच्या आरंभी पुण्याच्या या मुलीने हा सवाल केला, त्याच सालाच्या नोव्हेंबरात तिकडे कोपनहेगन येथे किर्केगार्डचा अंत झाला. दोघांस एकमेकांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तो सुखवस्तू घरातला, ग्रंथांत बुडालेला. ही अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील, नुकतीच लिहावयास शिकलेली. तरीही व्यक्तीचा स्वतःच्या अस्तित्वाविषयीचा प्रश्न कोणत्याही तयार उत्तराने मिटत नाही, ही जाणीव दोघांची एकच आहे. शिक्षणाचे याहून मोठे फळ कोणते असू शकेल, हे आम्हांस सांगता येत नाही. त्या निबंधास आज कोणी गुण द्यावयास बसले तर ‘विषयास सोडून’ असा शेरा मारील काय, ही शंका मात्र मनास चाटून जाते.

शिष्येचे हे उदाहरण झाले. गुरूचे पाहावयाचे तर गोपाळ गणेश आगरकरांचे नाव घ्यावे लागते. आगरकरांस अस्तित्ववादी म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. ते मिल्ल व स्पेन्सर यांचे वाचक होते, त्यांचा विश्वास विवेकावर व समाजाच्या प्रगतीवर होता, आणि माणसाच्या एकाकी व्याकुळतेपेक्षा लोकांच्या सुखाचा विचार त्यांस अधिक जवळचा होता. परंतु विचार जगून दाखविणे हे जर या तत्त्वज्ञानाचे गमक असेल, तर त्यांच्या आयुष्याइतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरे मिळणे कठीण. १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू येथे अत्यंत दरिद्री घरात जन्मलेला हा मुलगा महाविद्यालयात शिकत असता एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालीत असे, असे सांगतात. अशा मुलाने एम्. ए. होऊन मोठ्या पगाराची सरकारी चाकरी धरावी, हा आराखडा त्याच्यासाठी साऱ्या जगाने केलेला होता. त्याने आईस पत्र लिहून कळविले की, मी संपत्तीची हाव न धरता पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपला वेळ परहितार्थ घालविणार. त्या पत्रातील निश्चय त्यांनी अखेरपर्यंत पाळला. न्यू इंग्लिश स्कूल, डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ चे फर्ग्युसन महाविद्यालय, १८८८ चे ‘सुधारक’ पत्र, १८९२ पासून प्राचार्यपद, आणि १७ जून १८९५ रोजी, चाळिशीही गाठण्यापूर्वी मृत्यू. मधल्या काळात पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली.

आगरकरांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून तर्कशास्त्र किती शिकले हे परीक्षांच्या कागदांवरून कळले असेल. पण विचार आणि वर्तन यांच्यात फट न ठेवता माणूस जगू शकतो, हे त्यांनी वर्गात रोज डोळ्यांनी पाहिले. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालता येत नाही. शिक्षक स्वतः निवड करून तेथे उभा आहे, की दुसरे काही जमले नाही म्हणून तेथे येऊन पडला आहे, हे मुलांस फार लवकर कळते.

सार्त्रनेही वर्गात शिकविण्याचे काम केले होते. १९३१ पासून काही वर्षे तो ल हाव्र या बंदराच्या गावी माध्यमिक शाळेत तत्त्वज्ञान शिकवीत असे. १९४५ च्या त्या व्याख्यानात त्याने एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली आहे. त्या तरुणाचा वडील भाऊ १९४० साली जर्मनांशी लढताना मारला गेला होता. आई या एकाच मुलाच्या आधारावर जगत होती. इंग्लंडात जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात दाखल व्हावे की आईजवळ राहावे, असा पेच घेऊन तो आला. कोणताही धर्मग्रंथ वा नीतिग्रंथ त्यास नेमके उत्तर देऊ शकत नव्हता. सार्त्रने त्यास एवढेच सांगितले की, तू स्वतंत्र आहेस, निवड कर.

हे उत्तर तर्कास धरून असले तरी आमच्या मनाचे त्याने पुरते समाधान होत नाही. विद्यार्थ्याची निवड गुरूने करू नये हे खरे; परंतु निवड करण्याचे बळ त्याच्या अंगी कोठून यावे? तो काही एका रात्रीत स्वतंत्र होत नाही. कोणी तरी त्याचा हात धरून त्यास त्या टोकापर्यंत आणलेले असावे लागते, आणि मगच हात सोडण्यास अर्थ असतो. याविषयी त्याच पिढीतील आल्बेर काम्यूचे चरित्र अधिक बोलके आहे. १९१४ च्या युद्धात बाप गेलेला, आई निरक्षर, घर अल्जीअर्स शहराच्या गरीब वस्तीत. प्राथमिक शाळा संपताच पोरास कामास लावावे असा आजीचा बेत होता. लुई जेर्मँ नावाच्या शाळामास्तरांनी घरी जाऊन आजीचे मन वळविले, विनामूल्य शिकविले, शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसविले, आणि १९२४ साली तो मुलगा वरच्या शाळेत गेला. १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाल्यावर काम्यूने आपल्या या मास्तरांस पत्र लिहिले की, आईच्या खालोखाल मला पहिली आठवण तुमची झाली. जगाच्या निरर्थकतेवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसास एका गोष्टीच्या अर्थाविषयी मात्र तिळमात्र शंका नव्हती, आणि ती गोष्ट म्हणजे एका शिक्षकाने त्याच्याकडे वळवलेले लक्ष.

आमच्याकडे हे काम कर्मवीर भाऊराव पाटील यांनी एका मुलासाठी नव्हे, हजारोंसाठी केले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले, आणि तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहू, रांधू व जेवू लागली. वसतिगृह चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने मोडले. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना पुष्कळांस केवळ गरिबीवरील उपाय वाटते. आम्हांस ती त्याहून अधिक वाटते. जो मुलगा सकाळी शेतात राबून दुपारी आपल्या कष्टाच्या पैशाने पुस्तक उघडतो, तो शिक्षण स्वीकारीत नसतो, ते निवडीत असतो. त्याच संस्थेचे, कर्मवीरांचेच नाव धारण करणारे महाविद्यालय आज वाशीत आहे.

शिक्षणातून अर्थ हरपला म्हणजे काय होते, याचे चित्र मराठी वाचकाने १९६३ साली पाहिले. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहात राहतो, संमेलने करतो, परीक्षेत अपयशी होतो आणि हात हलवीत गावी परततो. मधल्या काळात धाकटी बहीण मनी मरते, आणि महाविद्यालयात मिळालेल्या कोणत्याही विद्येत त्या मरणास सामोरे जाण्याचे साधन त्यास सापडत नाही. या कादंबरीच्या भाषेवर व रचनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षणाचा विचार करणाऱ्याने मात्र तिच्याकडे एका विद्यार्थ्याची साक्ष म्हणून पाहावे. इतक्या वर्षांच्या शाळा-महाविद्यालयांत त्यास कोणी ‘तुला काय वाटते?’ असे मनापासून विचारलेच नाही, अशी ती साक्ष आहे.

आता एक गंभीर आक्षेप उरतो. निवडीची भाषा ज्याच्यापुढे निवडी आहेत त्यास शोभते. वडिलांच्या नावे सदनिका व बँकेत शिल्लक असलेल्या मुलास ‘मनास येईल ते कर’ म्हणणे सोपे आहे. ज्याची शेती गेली, खाडीतील मासळी कारखान्यांच्या सांडपाण्याने आटली, त्या घरातील मुलास अभियांत्रिकीचा आखीव मार्ग मिळाला तरी तो मुक्तीच वाटेल. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा अर्थ असा की, निवडीची साधने सर्वांस मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य निवडीच्या गोडव्यांनी फिटत नाही. सिमोन द बोव्हार या विदुषीने हे स्पष्ट सांगितले आहे की, माझ्या स्वातंत्र्यास इतरांचे स्वातंत्र्य हवे असते. इतर बांधलेले असता माझे मोकळेपण पोकळ ठरते. परंतु आक्षेपाची दुसरी बाजूही पाहावी. मुक्तेपुढे किती निवडी होत्या? भाऊरावांच्या वसतिगृहातील अनवाणी मुलांपुढे किती होत्या? परिस्थिती आपण निवडीत नाही. तिच्याविषयी काय भूमिका घ्यावयाची हे निवडतो. ही गोष्ट गरिबाच्या मुलास जितकी उपयोगाची तितकीच श्रीमंताच्याही, कारण दोघांसही कोणी तरी दुसऱ्यानेच केलेल्या आराखड्यात कोंबण्याचा यत्न होत असतो.

मग रोजच्या शिक्षणात करावयाचे काय? अस्तित्ववाद हा नवा विषय अभ्यासक्रमात घालावा, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. तसे झाल्यास त्याच्याही मार्गदर्शिका निघतील आणि किर्केगार्डचे जन्मसाल एका गुणाचा प्रश्न होऊन बसेल. करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. इतिहासाच्या तासास ‘असे का झाले’ याबरोबर ‘तेथे तू असतास तर काय केले असतेस’ हे विचारावे, आणि उत्तर ऐकून घ्यावे. घरात लहान लहान निवडी मुलांवर खरोखर सोपवाव्या आणि त्यांचे बरेवाईट परिणाम त्यांस भोगू द्यावे. परिणामांपासून सदैव वाचविलेले मूल निवड करावयास कधीच शिकत नाही. नापास होणे ही घडलेली गोष्ट आहे आणि ‘मी नापासच आहे’ हा त्या गोष्टीवरून स्वतःविषयी काढलेला निष्कर्ष आहे, हा भेद निकालाच्या दिवशी नव्हे तर त्याच्या पुष्कळ आधी मुलांस समजावून द्यावा. आणि वडीलधाऱ्यांनी आपल्या आयुष्यातील निवडींविषयी मुलांशी प्रांजळपणे बोलावे. मुले उपदेश विसरतात. कोणी आपल्याशी खरे बोलले होते हे विसरत नाहीत.

शिस्त नको, पाढे नकोत, परीक्षा नकोत, असा याचा अर्थ कोणी करू नये. आराखडाच नसणे आणि आराखड्यात जागा मोकळी ठेवणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते पाहावयास नवी मुंबईतच जाता येते. ज्या चार्ल्स कोरियांनी या शहराची कल्पना मांडण्यात भाग घेतला, त्यांनीच १९८३ ते १९८६ या काळात बेलापूर येथे, आज ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ म्हणून ओळखली जाणारी लहान घरांची वसाहत रचली. सात-सात घरांचे पुंजके एकेका छोट्या चौकाभोवती बसविले. परंतु कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही. हेतू हा की, कुटुंब वाढेल तसे, ऐपत येईल तसे, ज्याने त्याने आपले घर शेजाऱ्यास न दुखविता वाढवावे. गेल्या चार दशकांत तेथील रहिवाशांनी त्या घरांत इतके फेरफार केले आहेत की मूळ घरे ओळखूही येऊ नयेत. कोणास त्यात रचनेची हानी दिसेल. आम्हांस वाटते, ती रचना अशा फेरफारांसाठीच केलेली होती.

चौक हवा, पाया हवा, पाण्याची व वाटेची सोय हवी. ही कामे वडिलांची आणि गुरुजनांची आहेत, आणि ती त्यांनी टाळता कामा नयेत. वरचा मजला मात्र त्यात राहणाऱ्यासच बांधू द्यावा. तो आपल्यास रुचेल असा होईलच असे नाही. मुक्तेचा प्रश्नही तिच्या काळातील पुष्कळ शहाण्यांस रुचला नसेल. पण तो तिचा स्वतःचा होता, आणि म्हणूनच आज पावणेदोनशे वर्षे होत आली तरी त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपल्या सर्वांवर आहे.